टॅनर, टॉयर, करियर: जुन्या इंग्रजी चर्मशब्दांच्या कोशाच्या नोंदी

३ जून २०२४

जुन्या इंग्लंडवरच्या कादंबऱ्या, संग्रहालयांच्या पाट्या, दस्तऐवज असे काहीबाही मराठीत आणणारा आमचा छोटा गट आहे. चामड्याचे शब्द आले की दरवेळी गाडी अडते. म्हणून एक कोश करायला घेतला आहे, आणि नोंदी ठेवायचे काम माझ्या गळ्यात पडले आहे.

हाताशी आहे ती गटात फिरत आलेली एक जुनी यादी. टॅनर – चर्मकार. करियर – चर्मकार. टॉयर – चर्मकार, पुढे प्रश्नचिन्ह. कॉर्डवेनर – चांभार. कॉबलर – चांभार. फेलमंगर – कोरे.

यादी खोटी नाही, पण तिचा उपयोगही नाही. ही माणसे एकमेकांच्या कामाला हात लावू शकत नव्हती. १५६३ चा आणि त्यानंतर १६०४ चा चामड्याचा कायदा बजावून सांगतो की खाटकाने कातडे कमावायचे नाही, टॅनरने, म्हणजे कातडे कमावणाऱ्याने, जोडे शिवायचे नाहीत आणि करियरचे, म्हणजे कमावलेले चामडे तासून-तेल भरून लवचीक करण्याचे, कामही करायचे नाही. विक्रीला आलेले चामडे तपासून त्यावर शिक्का मारणारे अधिकारी नेमलेले होते. म्हणजे हे शब्द शेजारशेजारच्या शेतांसारखे आहेत, मधे बांध घातलेले, आणि बांधावरून भांडणे ठरलेली. सगळ्यांना ‘चर्मकार’ म्हटले की बांध नांगरून टाकल्यासारखे होते.

ठरले ते असे: कोश अकारविल्हे लावायचा नाही. कातडे जनावराच्या अंगावरून निघून ज्या हातांतून पुढे जाते, त्या क्रमाने लावायचा. प्रत्येक शब्दापुढे कोणते कातडे, ते कशाने कमावले आणि पुढे कोणाकडे गेले, एवढे आले पाहिजे.

५ जून

हाइड, स्किन, किप, फेल. हाइड म्हणजे बैल, गाय, घोडा अशा मोठ्या जनावराचे. स्किन म्हणजे मेंढी, बकरी, वासरू, हरीण यांचे. दोहोंच्या मधला किप: लहान चणीच्या किंवा अर्धवट वाढलेल्या गुरांचे. इंग्लंडच्या बाजारात ‘ईस्ट इंडिया किप’ नावाचा मालच असे. आपल्या गाई तिकडच्या गाईंच्या मानाने लहान, म्हणून पूर्ण वाढलेल्या जनावराचे कातडेसुद्धा तिथे किपमध्येच जमा व्हायचे.

फेल म्हणजे केसांसकट किंवा लोकरीसकट कातडे. फेलमंगर मेंढीची कातडी घेई, लोकर सोडवून ती एका बाजूला विकी आणि उरलेली कातडी दुसऱ्या बाजूला. कोऱ्या जागी आता ‘लोकर व कातडी वेगळी करून विकणारा’ एवढे लांबलचक लिहिले आहे. लांब झाले तर होऊ दे.

मराठीत कच्चे ते कातडे आणि कमावलेले ते चामडे, एवढा भेद पुरतो. तो शेवटपर्यंत काटेकोर पाळायचा.

९ जून

टॅनर. आजचा दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

टॅनरचा अधिकार मोठ्या कातड्यावर आणि झाडाच्या सालीवर. इंग्लंडात साल ओकची. वसंतात झाडाला रस चढला की साल सुटी होते, म्हणून एप्रिल ते जून हा सोलणीचा हंगाम. मग ती वाळवायची आणि दळायची. बार्कर हे आडनाव या सालीवरूनच आले. बार्कर म्हणजे टॅनरच.

कातडे आले की आधी धुवायचे, मग चुन्याच्या खड्ड्यात. केस सैल झाले की उतरत्या फळीवर टाकून दोन मुठींच्या बोथट सुरीने खरडायचे, उलट बाजूने मांस काढायचे. यानंतरची पायरी पाट्यांवर सहसा येत नाही. चुन्याने ताठ झालेले कातडे मऊ करायला कोंबडीची, कबुतरांची किंवा कुत्र्याची विष्ठा लागे. लंडनमध्ये कुत्र्याच्या विष्ठेला व्यापारी नाव होते ‘प्युअर’, म्हणजे शुद्ध, कारण तिने कातडे स्वच्छ होते. ती रस्त्यावरून गोळा करणारे ते प्युअर-फाइंडर. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास त्यांची माहिती लिहून ठेवली आहे. लंडनजवळच्या बर्मंडसीतल्या कातडी कमावायच्या कारखान्यांत बादलीला ८ ते १० पेनी मिळत, माल चांगला असेल तर एक शिलिंग किंवा त्याहूनही वर. आणि सगळ्यात भाव कोरड्या, चुनकट मालाला. प्रतवारी करणारा माणूस असणारच. त्याच्या हुद्द्याला काय म्हणत ते सापडले तर कोशात घेईन.

मग साल. फिक्या पाण्यातून गडद पाण्यात असे कातडे पुढे सरकवत न्यायचे. या पाण्याचे नाव ‘ऊझ’, जुन्या कायद्यात ‘वूझ’. शेवटी मोठ्या खड्ड्यात एक थर कातड्याचा, एक थर सालीच्या चुऱ्याचा असे रचून महिनोन्‌महिने तसेच ठेवायचे. १६०४ च्या कायद्यात मुदतच घातलेली आहे: बाहेरच्या तळाचे चामडे किमान १२ महिने, वरच्या भागाचे किमान ९. घाई करणारा टॅनर ऊझ गरम करी, त्यालाही बंदी होती.

वापरून झालेली सालसुद्धा वाया जात नसे. ती सावकाश कुजताना ऊब देते, म्हणून अठराव्या शतकातले श्रीमंत लोक काचेच्या घरात तिचे वाफे करून त्यात अननस लावत. अननसाच्या नोंदीत टॅनर येतो तो असा.

डेव्हनमधल्या कॉलिटन गावात बेकर घराण्याचा कारखाना अजून याच पद्धतीने ओकच्या सालीवर चामडे कमावतो, आणि वर्षभराच्या आत ते तयार होत नाही. ब्रिटनमध्ये या रीतीचा तो एकच उरला आहे.

कोल्हापुरीचे चामडे करताना आपल्याकडे खड्डा नसतो. कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि आत बाभळीची साल नि हिरड्याचे पाणी भरतात. पाणी कातड्यातून झिरपत राहते, खाली जमते, पुन्हा वर ओतायचे. त्यामुळे टॅनरच्या नोंदीत ‘खड्डा’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. नाहीतर मराठी वाचक मनात पिशवी टांगेल.

१४ जून

आज ऑनलाइन बैठक झाली आणि चांगलीच लांबली. टॅनरला ‘ढोर’ हा तयार शब्द आहे, तो का घेत नाही, असे एका नव्या सभासदाने विचारले. प्रश्न सरळ होता. ढोर कातडे कमावणारे, चांभार शिवणारे, मांग दोर वळणारे, मेलेले जनावर ओढून न्यायचे काम महारांवर लादलेले, अशी आपल्याकडची वाटणी होती, आणि तीही इंग्लंडच्या इतकीच बारीक.

मी उत्तर देण्याआधी ताई बोलल्या. ताई म्हणजे गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, त्यांचे माहेर याच व्यवसायातले. “अरे, तिकडे टॅनर आडनावाचा माणूस बँकेत बसतो, शाळेत शिकवतो, कोणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. आमच्या आजोबांनी आडनाव बदललं होतं. तुझ्या कोशात ते परत आणू नकोस.”

यावर कोणी काही बोलायचे उरले नाही. पण कोशासाठी कारण लिहून ठेवायला हवे, म्हणून इथे लिहितो. घाण तिकडेही होती. लंडनने टॅनरांना शहराबाहेर, थेम्सच्या पलीकडे बर्मंडसीला घालवले ते वासापायीच. बांधही तिकडे होते. पण सात वर्षे उमेदवारी केली की बांध ओलांडता येत होता, टॅनरच्या पोराला सोनार होता येत होते. इथला बांध जन्माचा. टॅनर हे कामाचे नाव आहे, ढोर हे जातीचे. एकासमोर दुसरा लिहिला तर भाषांतर होत नाही, भलतीच गोष्ट सांगितली जाते.

ठरले: टॅनर – ‘कातडी कमावणारा’. कमावणे हे क्रियापद आपल्याकडे आयते आहे आणि फार चांगले आहे. शू-मेकर – ‘जोडे शिवणारा’. जातिवाचक नाव पर्याय म्हणून कुठेही नाही. ‘चर्मकार’ फक्त सगळ्या धंद्याबद्दल बोलताना.

१८ जून

टॉयर. टॅनरचा शेजारी आणि वैरी. याच्याकडे साल नाही, तुरटी आहे. तुरटी, मीठ, अंड्याचा बलक आणि पीठ यांचे मिश्रण मेंढी-बकरीच्या कातडीत मुरवायचे. चामडे पांढरेशुभ्र आणि मऊ होते. पाण्यात टाकले तर तुरटी निघून जाते आणि परत कच्चे कातडे हाती राहते, म्हणून याचे बूट नाहीत. हातमोजे, बटवे, पुस्तकांच्या बांधण्या. पांढरे करणारा तो व्हिट-टॉयर. व्हिटिअर हे आडनाव त्याच्यावरून.

स्ट्रॅटफर्डचे जॉन शेक्सपिअर हातमोजे करणारे आणि व्हिट-टॉयर होते. १५५२ मध्ये हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल त्यांना दंड झाला होता. तो उकिरडा धंद्याचा होता की घरचा, हे कागद सांगत नाही. त्यांच्या नाटककार मुलाच्या लिखाणात कातडी, हातमोजे, सुऱ्या जागोजाग येतात, त्याचे नवल नको.

लंडनमध्ये व्हिट-टॉयरांचा संघ, पुढे बटवे आणि पिशव्या करणारेही, लेदरसेलर्स कंपनीत, म्हणजे चामडे विकणाऱ्यांच्या संघात, विरून गेले. विकणाऱ्याने करणाऱ्याला गिळले, असे साध्या मराठीत म्हणता येईल.

तुरटीच्या चामड्याला मराठीत काय म्हणायचे? ‘तुरटीचे चामडे’. झाले.

२१ जून

करियर. नोकरीतले करिअर वेगळे, पत्रे आणणारे कुरिअर वेगळे, आणि जेवणातल्या करीशी तर याचे काहीच नाते नाही. हे तळटीपेत घातलेच पाहिजे, नाहीतर कोणीतरी विचारणार.

टॅनरकडून आलेले चामडे ताठ, खडबडीत आणि कोरडे असते. करियर ते भिजवतो, घासतो, ताणतो, तासून एकसारख्या जाडीचे करतो आणि चरबी-तेल भरून लवचीक करतो. चरबी आणि कॉड माशाचे तेल यांच्या त्या मिश्रणाचे नाव डबिन. त्याची सुरी बघण्यासारखी असते: रुंद आयताकृती पाते, एका टोकाला साधी मूठ, दुसऱ्या टोकाला आडवी. धार लावून झाली की पोलादी सळईने ती धार काटकोनात वळवायची. चामडे उभ्या फळीवर टाकायचे आणि पाते जवळजवळ काटकोनात धरून वरून खाली तासायचे. वळलेली धार पातळ पापुद्रा काढते, आत घुसत नाही. काम चालू असताना धार मऊ पडली की बोटांत धरलेल्या बारीक सळईने ती पुन्हा वळवून घ्यायची. हे सगळे एका शब्दात कोंबायचे नाही. ‘चामड्याला हात फिरवणारा’, ‘संस्कार करणारा’ वगैरे सूचना आल्या, नाकारल्या. ‘करियर’च ठेवला आणि दोन ओळी खुलासा दिला.

२७ जून

कॉर्डवेनर आणि कॉबलर. हा बांध सगळ्यात गमतीचा.

स्पेनमधल्या कॉर्डोबाचे बकरीचे चामडे मध्ययुगात युरोपभर नावाजलेले. इंग्रजीत ते झाले कॉर्डवेन, आणि त्याचे जोडे करणारा कॉर्डवेनर. पुढे चामडे कुठलेही असो, नव्या चामड्याचा नवा जोडा करणारा तो कॉर्डवेनर. लंडनच्या कॉर्डवेनर कंपनीला १४३९ मध्ये राजाची सनद मिळाली. कॉबलर जुना जोडा दुरुस्त करणारा. मध्ययुगीन लंडनमध्ये नियमच होता की जुन्यावर काम करणाऱ्याने नव्याला हात लावायचा नाही आणि नव्यावाल्याने जुन्याला.

आमच्या कोपऱ्यावर बसणारे काका रापीने तळ तासत होते, त्यांना विचारले. “काका, नवीन जोडा शिवणारा वेगळा आणि जुना सांधणारा वेगळा, असं कधी असतं का हो?” त्यांनी मान वर न करता सांगितले, “असं केल्यावर साहेब, पोट कशावर भरायचं?”

त्यांच्याकडून हत्यारांची नावे पक्की करून घेतली. आरी, रापी, फर्मा. इंग्रजीतल्या ऑलला आरी आणि लास्टला फर्मा, इथे पर्याय आयते आहेत. शिवणीचा दोरा मेणावून त्याच्या टोकाला डुकराचा राठ केस बसवायचा, म्हणजे आरीने पाडलेल्या भोकातून तो सुईसारखा जातो. ही इंग्लंडातली जुनी रीत. काका म्हणाले, आता नायलॉन.

इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टन गावाने या धंद्यावर नाव कमावले. १६४२ मध्ये आयर्लंडला निघालेल्या फौजेसाठी तिथल्या कारागिरांना ४,००० जोडी जोडे आणि ६०० जोडी बूट यांची मागणी मिळाली. पुढे कारखाने आले तसे शब्दही फुटले: वरचे भाग कापणारा क्लिकर, सुरी वळवताना येणाऱ्या आवाजावरून, ते भाग शिवून जोडणारा, बहुधा बाई, तो किंवा ती क्लोजर. गावच्या फुटबॉल संघाचे टोपणनाव मात्र ‘द कॉबलर्स’. नव्या जोड्यांचे गाव, आणि नाव जुने सांधणाऱ्याचे! जुन्या कॉर्डवेनरांना हे अजिबात खपले नसते. वॉल्सॉल गावच्या संघाने निदान ‘सॅडलर्स’ हे बिनचूक नाव घेतले. तिथे खोगिरे खरोखरच होतात.

कॉबलर – ‘जोडे सांधणारा’. काकांना दाखवले, त्यांना ‘दुरुस्तीवाला’ जास्त बरे वाटले. गट सांधणाराच्या बाजूने.

४ जुलै

आत्तापर्यंत कायद्यांच्या काळातच फिरत होतो. आज सहाएकशे वर्षे मागे गेलो.

साधारण इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठातल्या गुरूने मुलांना लॅटिन शिकवायला एक संवाद लिहिला. त्यात नांगऱ्या, मेंढपाळ, कोळी, व्यापारी असे एकेक जण येऊन आपले काम सांगतात. चामड्यावाला म्हणतो: मी कातडी विकत घेतो, माझ्या कसबाने ती तयार करतो आणि त्यांचे नाना तऱ्हेचे जोडे करतो, चामडी पायमोजे, पाण्याच्या पिशव्या, लगामाचे पट्टे, घोड्याचा साज, बुधल्या, म्होरक्या, झोळ्या, बटवे, आणि माझ्या कसबावाचून तुमच्यापैकी कोणाचाही हिवाळा निघणार नाही.

त्याचे जुने इंग्रजी नाव शेओविर्ख्ता, म्हणजे जोडे घडवणारा. पण तो स्वतःच कातडी घेतो, स्वतःच कमावतो, स्वतःच शिवतो. टॅनर, करियर, कॉर्डवेनर, सगळे त्याच्या एका अंगात. बांध अजून पडलेलेच नाहीत. ही नोंद कोशाच्या सुरुवातीला टाकायची असे ठरवले. नाहीतर वाचकाला वाटेल की हे सगळे तिकडे पहिल्यापासून असेच होते.

यात एक बारीक गोष्ट सापडली. मूळ मजकूर लॅटिन. ओळींच्या मधे कुणीतरी जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिले आहेत, म्हणजे आमच्याच जातकुळीचे काम. लॅटिनमध्ये चामड्यावाला ‘लगाम’ आणि ‘टाचा मारायच्या आऱ्या’ (घोड्याला टोचायच्या, जोडे शिवायच्या नव्हेत) करतो असे आहे. पण आऱ्या लोखंडाच्या, लगामाची कडीसुद्धा लोखंडाची. चामड्यावाला त्या करणार कसा? अर्थ लिहिणाऱ्याने तिथे सरळ ‘लगामाच्या वाद्या’ आणि ‘आरीची चामडी’ लिहिले. धंदा बघितलेला माणूस असावा. पुढे लंडनमध्ये हीच वाटणी पक्की झाली: कडी, आरी, रिकीब हे लोखंडी सामान लॉरिनरचे, खोगीर सॅडलरचे.

जुन्या इंग्रजीतला आणखी एक: घोडा आवरायच्या पट्ट्याला, रासेला, म्हणत ‘गेवेआल्ड-लेदर’. अर्थ, ताब्याचे चामडे. नुसता वाचूनच आनंद झाला. पर्याय ‘रास’ पुरेसा आहे, पण फोड दिली आहे.

९ जुलै

भांडी. ही यादी मोठी आहे आणि मराठी माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही, कारण पखाल, मशक, बुधला, मोट हे सगळे आपल्याकडे होते.

ब्लॅक जॅक म्हणजे चामड्याचा मोठा पेला किंवा सुरई. सालीवर कमावलेले चामडे भिजवून, शिवून, आत वाळू ठासून आकार द्यायचा, वाळले की ताठ होते. मग आतून डांबरासारखी राळ फासायची म्हणजे बिअर पाझरत नाही. गरम पेय चालायचे नाही, राळ वितळेल. याचाच थोरला भाऊ बॉम्बर्ड. नाटककार टॉमस हेवूडने १६३५ मध्ये लिहून ठेवले आहे की दरबारातले हे जॅक आणि बॉम्बर्ड पाहून फ्रेंच लोकांनी घरी जाऊन सांगितले, इंग्रज बुटातून पितात.

आगीच्या बादल्याही चामड्याच्या. १६६६ च्या आगीनंतर लंडनने शहराचे चार भाग केले आणि प्रत्येक भागाने ८०० चामडी बादल्या ठेवाव्यात असा हुकूम काढला. चामडी बादली फेकली तर फुटत नाही आणि कोणाच्या डोक्यात पडली तरी खोक पडत नाही. हातोहात बादल्या जाताना हे महत्त्वाचे.

बूजे: पाण्याच्या दोन चामडी पिशव्या, मधे काठी. घराण्यांच्या चिन्हांवर हे चित्र येते, दे रोस घराण्याच्या ढालीवर असे तीन आहेत. पाटीवर भाषांतर करताना आधी कुणीतरी ‘अनोळखी आकृती’ लिहून सोडले होते. पखालीची जोडी लिहा, शेंबडे पोरसुद्धा ओळखेल. निदान आजोबा तरी.

आणि बजेट. लहान चामडी पिशवी, फ्रेंच बुजेतवरून. १७३३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोलची टर उडवणारे एक पत्रक निघाले, त्यात तो वैदूसारखी आपली पिशवी उघडतो असे दाखवले होते. त्यानंतर खजिन्याच्या हिशेबाला हे नाव चिकटले. आपल्याकडे २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी चामडी बॅग सोडून लाल कापडात बांधलेले बहीखाते आणले तेव्हा बजेटातले चामडे शेवटी निघाले, इतके लिहून ही नोंद बंद. हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, त्याला जास्त जागा नको.

१५ जुलै

बफ. मूळचे म्हशी-रेड्यासारख्या मोठ्या जनावराचे, तेलावर कमावलेले जाड, मऊ, पिवळसर चामडे. कातड्यात कॉडचे तेल कुटून कुटून भरायचे, हवेवर टांगायचे, पुन्हा कुटायचे. इंग्लंडच्या १६४२ च्या यादवी युद्धात घोडेस्वार बफ कोट घालत. तलवारीचा वार त्यावरून घसरे. बफ हा रंग त्या चामड्यावरून, आणि त्याच चामड्याच्या तुकड्याने घासून चकाकी आणणे म्हणजे बफिंग. हा शब्द आपल्याकडच्या भांड्यांच्या आणि मार्बलच्या कारखान्यांत रोज बोलला जातो.

इथे बांधावरून एक देवघेव दिसली. तेलावरच्या चामड्यातून उरलेले तेल धुऊन-पिळून काढत, त्याला सॉड ऑइल म्हणत, आणि ते विकत घेणारा करियर. भांडण असले तरी व्यवहार चालू.

१९ जुलै

आज आमच्या घरचा शब्द सापडला. आजोळ वेंगुर्ल्याचे, म्हणून जास्तच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला ओकची साल पुरेनाशी झाली. चामड्याची मागणी वाढली, शिवाय सालीत टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारा तुरट पदार्थ, दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच. हिरड्यात ते तीस टक्क्यांच्या वर. हिरडा जहाजांनी जाऊ लागला आणि इंग्रजी टॅनरांच्या पुस्तकांत मायरोबालनच्या, म्हणजे हिरड्याच्या, प्रतवाऱ्या आल्या: भिमलीज, जबलपूर, राजपूर आणि विंगोर्ला. भिमली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे भीमुनिपट्टणम, आणि विंगोर्ला म्हणजे आमचे वेंगुर्ले. म्हणजे बर्मंडसीतला एखादा टॅनर ज्या गावाचे नाव रोज घेत होता, ते कुठे आहे हे त्याला बहुधा सांगता आले नसते.

नुसत्या हिरड्याने चामडे मऊ, फिके आणि जरा भुसभुशीत होते, म्हणून तो इतर सालींच्या जोडीने वापरत. रंग उजळायला तो चांगला, आणि चामड्याच्या पृष्ठावर पिवळट भुरी येते, तिला तिकडे ‘ब्लूम’ म्हणत. तळाच्या चामड्यावर ती असली तर गिऱ्हाईक खूश.

जुन्नर-आंबेगावकडे महादेव कोळी बाया-माणसे बाळहिरडा गोळा करतात, तो आता मुख्यतः औषधाला जातो. कोल्हापुरीच्या चामड्याला अजून लागतो. ताईंना फोन करून विंगोर्ला सांगितले. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे हिरडा कुटायला मला बसवायचे, हात काळे व्हायचे, शाळेत लपवायचे.” लोखंडी बत्त्याने कुटला की काळे होणारच, टॅनिन आणि लोखंड मिळून शाई होते. जुनी शाई अशीच करत.

‘विंगोर्ला’ स्वतंत्र नोंद म्हणून घेतला. कुणाची हरकत नाही.

२३ जुलै

पुस्तकबांधणीची चामडी, भराभर. मोरोक्को: सुमाक झाडाच्या पानांनी कमावलेले, रंगवलेले बकरीचे. रोन: त्याची नक्कल, मेंढीचे. बेसिल: सालीवर कमावलेली साधी मेंढी. मेंढीचे कातडे आडवे चिरले की वरचा पातळ थर स्कायव्हर, खालच्या थरातून तेलावर शॅमी होते, गाडी पुसायची तीच.

रशिया लेदर: बर्चच्या तेलाचा वास, त्यामुळे किडा लागत नाही. १७८६ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गहून जेनोआला हे चामडे नेणारे मेटा कॅथरिना नावाचे डॅनिश जहाज प्लिमथजवळ बुडाले. १९७३ मध्ये पाणबुड्यांना सापडले तेव्हा चिखलाखालच्या गुंडाळ्या वापरण्याजोग्या होत्या, आणि त्यांच्या वस्तू करून विकल्याही गेल्या.

शॅग्रीन मात्र सावकाश. हे टॅनरचेही नाही, टॉयरचेही नाही, कारण हे खऱ्या अर्थाने कमावतच नाहीत. घोड्याच्या पुठ्ठ्याचे ओले कातडे ताणून त्यावर चाकवताच्या जातीच्या झाडाचे कडक बी पसरायचे आणि दाबायचे. वाळले की बी झटकायचे, पृष्ठ खळग्यांचे दिसते. मग खळग्यांच्या बुडापर्यंत वरचे तासून सपाट करायचे आणि पाण्यात टाकायचे. दबलेला भाग फुगून वर येतो आणि सगळीकडे दाणे उमटतात. तांब्याने हिरवा रंग द्यायचा. नाव तुर्कस्तानातून आलेले, काम पूर्वेकडचे. पुढे लंडनचे कारागीर शार्कचे आणि रे माशाचे कातडे वापरू लागले. त्याच्या अंगावर दाणे निसर्गानेच दिलेले.

२९ जुलै

शेवटच्या गटात ‘कप लेदर’ घ्यायचे की नाही यावर वाद. पंपाच्या दांड्याला लावायची चामडी वाटी. बाजूने म्हणणारे: गिरण्या, पंप, अग्निबंब, सगळीकडे ती होती, तिच्याशिवाय जुने यंत्रयुग पाणीच ओढू शकले नसते. विरुद्ध म्हणणारे: हा कारागिराचा शब्द नाही, सुट्या भागाचा आहे.

मी घरातला रॉकेलचा स्टोव्ह काढला. पंपाचा दांडा ओढला, टोकाला तीच वाटी, आक्रसून कडक झालेली. खोबरेल तेलाचा थेंब टाकला, काठ बोटाने बाहेर फाकवला, दांडा आत ढकलला. हवा धरली. दाब आला की वाटीचा काठ नळीच्या भिंतीला चिकटतो, दांडा मागे ओढला की सुटतो आणि हवा आत येते. झडप आणि बूच एकाच तुकड्यात. रबर तेलाने फुगते, चामड्याला तेल मानवते.

दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नाव विचारले. मालकाने ड्रॉवरमधून मूठभर वाट्या काढून काउंटरवर ठेवल्या. “वायसर. चामडी वायसर. सायकलच्या पंपाचा हवा का स्टोव्हचा?”

नोंद घेतली: कप लेदर – चामडी वायसर. तेलावरचे की सालीवरचे, हे त्याला माहीत नव्हते. एक वाटी विकत आणली आहे, चर्मतंत्रज्ञ मित्राकडे पाठवतो.